'रिअर विंडो'त मॅकार्थी आहे की आपणच तो शोधतोय?

खिडकीवाला: परवा हिचकॉकचा 'रिअर विंडो' हा सिनेमा तिसऱ्यांदा पाहिला. (रहस्य फोडतोय, पाहिला नसेल त्यांनी इथूनच मागे फिरा.) पाय प्लास्टरमध्ये अडकलेला फोटोग्राफर दिवसभर समोरच्या बिऱ्हाडांत डोकावतो आणि शेजाऱ्याने बायकोचा खून केला, असं ठरवून बसतो. मला खुनापेक्षा ते 'ठरवून बसणं' अस्वस्थ करतं. १९५४च्या एप्रिल ते जूनमध्ये, जिथेतिथे कम्युनिस्ट शोधणारा सिनेटर मॅकार्थी विरुद्ध लष्कर ही सुनावणी अमेरिकेत टीव्हीवर चालू होती, ऑगस्टमध्ये हा सिनेमा आला. हॉलिवूडमध्ये तर १९४७पासून कम्युनिस्ट असल्याच्या संशयाने काळ्या यादीत नाव गेलं की काम बंद. शेजाऱ्यावर संशय घेणं तेव्हा देशकार्यच होतं, आणि हिचकॉक तेच आपल्याला खुर्चीत बसवून करायला लावतो.

चाळकरी: असहमत. सिनेमा ज्यावर बेतलाय ती लेखक वूलरिचची मूळ कथा १९४२ची. तेव्हा मॅकार्थी सिनेटमध्येही नव्हता. शिवाय संशय खरा निघतो! मग ही टीका कसली, शाबासकीच की. आणि दुसऱ्याच्या घरात डोकवायला शीतयुद्ध कशाला लागतं? मी गिरगावात वाढलोय.

खिडकीवाला: कथा जुनी, कबूल. पण ग्रेस केलीचं पात्र, म्हणजे नायकाची प्रेयसी, कथेत नाहीच, ते पटकथेत आलं. खून झालाच नाही असं पोलीस मित्र पटवतो, तेव्हा नायक आणि ती दोघंही हिरमुसतात. तीच बोलून दाखवते की, त्याने बायकोला मारलं नाही याचं आपल्याला वाईट वाटतंय. संशय पुढे खरा ठरला म्हणून ते हिरमुसणं पुसलं जात नाही.

निवांत: तुम्ही दोघं मॅकार्थीतच अडकलात. नायकाला सगळ्यात जास्त भीती लग्नाची आहे! तो पोलीस मित्र युद्धात त्याच्याच विमानात होता. जग फिरलेला गडी आता खोलीत जखडलाय आणि प्रत्येक खिडकीत संसाराचा एकेक नमुना: नवं जोडपं, एकटी बाई, अंथरुणाला खिळलेली बायको आणि वैतागलेला नवरा. युद्धानंतर अमेरिकेत लग्नांची, मुलांची लाट आली होती, तिच्यात ओढलं जायची ही धास्ती.

चाळकरी: हे पटलं. राजकीय भीतीच हवी तर १९५५चा 'किस मी डेडली' बघा. पेटी उघडली की अणूचा जाळ, आडपडदा नाही.

खिडकीवाला: बरं, एकच सांग. समोरच्या एका बाईचा कुत्रा मरतो, तेव्हा ती शेजाऱ्यांच्या नावाने टाहो फोडते. सगळे क्षणभर बाहेर येतात आणि परत पार्टीत जातात. चाळीत असं झालं असतं?

चाळकरी: छे! अर्धी चाळ तिच्या दारात बसली असती. हा मुद्दा तुझा. मॅकार्थी मात्र अजून माझ्याकडेच.