विषय: जूनची सहल, ग्लॉस्टरशायरच्या बागा

प्रेषक: सहल समिती

सर्व सभासदांना सप्रेम नमस्कार,

यंदा जूनमध्ये बऱ्याच जणांचे आईवडील भारतातून येत आहेत. त्यामुळे दरवर्षीच्या समुद्रकिनाऱ्याऐवजी बागा बघायला जावं असं समितीत ठरलं. शनिवारी सकाळी साडेसातला बर्मिंगहॅमहून बस निघेल. हिडकोट, किफ्ट्सगेट, बॅट्सफर्ड, सीझिन्कोट आणि वेळ उरला तर पेन्सविक, अशा पाच बागा करून रात्री नऊपर्यंत परत. डबे ज्याचे त्याने आणायचे, चहा तिथे मिळेल. काही सूचना असतील तर रविवारपर्यंत कळवा.

प्रेषक: वूस्टरच्या काकू

समितीच्या मुलांनो,

बागांची कल्पना काढलीत, फार बरं वाटलं. पण पाच बागा एका दिवसात नका रे करू. बावीस वर्षं मी आणि हे त्या भागात जातोय, म्हणून हक्काने सांगते. सासूबाई आल्या होत्या तेव्हा मीही असंच केलं होतं. एका दिवसात चार ठिकाणं, प्रत्येक ठिकाणी पाऊण तास. परत येताना गाडीत त्यांनी विचारलं, "ती निळ्या फुलांची बाग कुठली गं?" आणि मला सांगता येईना. पुन्हा त्यांचं येणं झालं नाही. ते अजून मनाला लागून राहिलंय.

आधी ऋतूचं बघा. पेन्सविकला जायचं ते फेब्रुवारीत. तिथे उतारावर स्नोड्रॉपची पांढरी फुलं पसरलेली असतात, पाय कुठे ठेवावा कळत नाही. 1740 च्या दशकातली ती बाग रानात हरवून गेली होती. 1748 सालचं तिचं एक चित्र शिल्लक होतं, त्यावरून 1984 पासून ती पुन्हा उभी केली. बॅट्सफर्डला एप्रिलमध्ये जा, जपानी चेरी फुललेली असते तेव्हा. वेस्टनबर्टला ऑक्टोबरमध्ये. तिथल्या मेपलचा लाल रंग बघायला लोक लांबलांबून येतात. 1829 मध्ये रॉबर्ट होलफर्ड नावाच्या माणसाने तिथे झाडं लावायला घेतली, आणि आज ते या देशाचं राष्ट्रीय वृक्षोद्यान आहे. या तिन्ही जागा जूनमध्ये वाईट नाहीत, पण त्यांचं जे खास आहे ते तेव्हा दिसत नाही.

जूनच्या बागा म्हणजे हिडकोट, किफ्ट्सगेट आणि सीझिन्कोट. त्यातल्याही दोनच करा.

हिडकोट म्हणजे आपल्या जुन्या वाड्यासारखं आहे. एका चौकातून दुसऱ्या चौकात जावं तसं, फक्त भिंतींच्या जागी कुंपणाची झाडं. यू, होली, बीच, हॉर्नबीम अशी कापून कापून भिंतीसारखी सरळ केलेली. जागा उंचावर आहे, वारा झोंबतो, म्हणून या हिरव्या भिंती आधी उभ्या कराव्या लागल्या आणि मग आत नाजूक झाडं जगली. 1907 मध्ये गर्ट्रूड विन्थ्रप या अमेरिकन बाईंनी ही जागा घेतली आणि त्यांचा मुलगा लॉरेन्स जॉन्स्टन याने चाळीस वर्षं ती घडवली. झाडं शोधायला तो दक्षिण आफ्रिकेला गेला, चीनमध्ये युनानला गेला. 1948 मध्ये बाग नॅशनल ट्रस्ट या वारसा जपणाऱ्या संस्थेकडे आली. त्याआधी ट्रस्ट मोठी घरं घ्यायचा आणि बाग घराबरोबर यायची. नुसत्या बागेसाठी म्हणून घेतलेली ही पहिली. आपण नर्सरीतून हिडकोट नावाचं लॅव्हेंडर आणतो ना, बुटकं, गडद जांभळं, ते या बागेच्या नावाचं.

तिथे एक चौक आहे, त्यात जवळजवळ भिंतीपासून भिंतीपर्यंत गोल पाण्याचं टाकं आहे. कडेने चालायला जेमतेम वाट. ढग असले की सगळा चौक काळा दिसतो, ऊन पडलं की खालून उजळतो. तिथून पुढे लांब मोकळी हिरवळ लागते. दोन्ही बाजूंना कुंपण आणि मध्ये फक्त गवत, एकही फूल नाही. इतकी फुलं बघून आल्यावर तिथे डोळ्यांना विसावा मिळतो. त्या माणसाला कुठे थांबायचं ते कळत होतं.

किफ्ट्सगेट तिथून अगदी पलीकडे. आजी, आई आणि लेक अशा तीन पिढ्यांच्या बायकांनी केलेली बाग. 1920 च्या सुमाराला हेदर म्युअर यांनी सुरू केली, मग डायनी बिनी, मग अॅन चेंबर्स. या बागेच्या नावाने ओळखला जाणारा पांढरा वेली गुलाब तिथे आहे, झाडांवर चढत पार शेंड्यापर्यंत गेलेला. जुलै लागता लागता तो फुलतो. पण खालच्या बागेचा उतार फार तीव्र आहे. गुडघेदुखी असलेल्यांना वरूनच बघावं लागेल, म्हणून सहलीत ती नको म्हणते. ज्यांना चालवतं त्यांनी नंतर सवडीने जा.

आणि सीझिन्कोट. याच्यासाठी सहल काढा असंच मी म्हणेन. मोरटन-इन-मार्शहून थोड्याच अंतरावर, कॉट्सवोल्डच्या त्या मेंढ्यांच्या कुरणात अचानक तांब्याचा घुमट दिसतो. छत्र्या, छज्जे, कमानी. 1805 च्या सुमाराला बांधलेलं घर. बागेत वरच्या टोकाला एक देवळी आहे आणि तिच्यात सूर्याची मूर्ती. तिथून झरा खाली वाहत येतो, पुलाखालून जातो आणि पुढच्या तळ्यात एका झाडाच्या खोडाला तीन फण्यांचा नाग वेटोळं घालून बसलाय. पुलाच्या कठड्यावर नंदी आहेत. आपण नंदी दिसला की त्याच्या समोर पिंड शोधतो, इथे देवळात सूर्यनारायण आहे.

मला खरं सांगायचंय ते पुलाखालचं. वरून बस जाईल, लोक नंदीचे फोटो काढतील आणि पुढे जातील. तसं करू नका. वाटेने खाली उतरा. पाण्यात पाय ठेवायला दगड टाकलेत, त्यावरून पुलाच्या पोटात जाता येतं आणि तिथे बसायला जागा आहे. पुलाचे ते जाड खांब घारापुरीच्या लेण्यातल्या खांबांवरून घेतलेले आहेत. हुबेहूब नक्कल नाही, पण तिथे काळोखात बसून बाहेरच्या उजेडाकडे बघितलं की लेण्यातून समुद्राकडे बघतोय असं वाटतं. मी गिरगावची, लहानपणी दरवर्षी घारापुरीला जायचे. पहिल्यांदा तिथे बसले तेव्हा मला रडू आवरलं नाही.

एक अडचण आहे. सीझिन्कोट खासगी आहे आणि बाग बहुतेक आठवड्याच्या मधल्या काही दिवशी दुपारीच उघडी असते. शनिवारी तुमची बस बंद फाटकासमोर उभी राहील. तेव्हा सहल गुरुवारी किंवा शुक्रवारी ठेवा, आणि तारीख नक्की करण्याआधी त्यांच्या वेबसाइटवर वेळा बघाच.

प्रेषक: ब्रिस्टलहून

काकू, नमस्कार. मेल वाचून खरंच जावंसं वाटलं. पण एक गोष्ट बोलल्याशिवाय राहवत नाही. सीझिन्कोट बांधणारा चार्ल्स कॉकरेल ईस्ट इंडिया कंपनीचा माणूस. बंगालमध्ये कमावलेल्या पैशावर ते घर उभं राहिलं. तिथे जाऊन आपण घुमटाचं कौतुक करायचं, सूर्याला हात जोडायचे आणि चहा पिऊन परत यायचं, हे मला जड जातंय. माझ्या मुलीला मी तिथे काय सांगू?

प्रेषक: ऑक्सफर्डचे काका

दादा, तुमचा प्रश्न योग्य आहे आणि त्याचं उत्तर मुलीला तिथेच उभं राहून द्या. पैसा कंपनीचा होता हे स्पष्ट सांगा. त्यात लपवण्यासारखं काही नाही, आणि लपवूही नये.

पण तेवढ्यावर थांबू नका. आर्किटेक्ट होता सॅम्युअल पेपिस कॉकरेल, चार्ल्सचा भाऊ. तो स्वतः भारतात कधी आला नव्हता. हे छज्जे आणि छत्र्या त्याला कळल्या थॉमस डॅनियलच्या चित्रांवरून. बागेतलं देऊळ आणि पूल यांची कल्पनाही डॅनियलचीच. हा चित्रकार आपला पुतण्या विल्यम याला घेऊन 1786 मध्ये कलकत्त्याला पोचला आणि दोघांनी कित्येक वर्षं देश पायाखाली घातला. 1793 मध्ये ते मुंबईत आले. तिथे त्यांना जेम्स वेल्स भेटला. हा स्कॉटिश चित्रकार त्या वेळी आपल्याकडच्या लेण्यांची चित्रं काढण्याच्या कामात होता. तिघांनी मिळून घारापुरी, कान्हेरी, कार्ले बघितलं. काकू म्हणतात ते खांब इंग्लंडला पोचले ते या वाटेने.

वेल्सचं नाव आपल्याला माहीत असायला हवं. सवाई माधवराव आणि नाना फडणवीस यांचं जे चित्र आपण शाळेच्या पुस्तकात बघितलं ते त्याने पुण्यात काढलेलं. आणि त्याच्याबरोबर काम करणारा पुण्याचा माणूस होता गंगाराम तांबट. वेरूळची त्याची रेखाटनं आजही आहेत, अमेरिकेत येल विद्यापीठाच्या संग्रहात. वेल्स 1795 मध्ये वारला. त्याच्याकडच्या चित्रांवरून वेरूळची मोठी चित्रं छापली ती पुन्हा डॅनियलनेच, 1803 मध्ये. म्हणजे सीझिन्कोट उभं राहायच्या थोडंच आधी. इंग्लंडने आपली लेणी बघितली त्यात एका मराठी हाताचा वाटा होता, हेही मुलीला सांगा. गंगारामचं नाव त्या बागेत तुम्हाला कुठे दिसणार नाही, म्हणून आपणच घ्यायचं.

आणखी एक. तिथून पूर्वेला काही मैलांवर डेल्सफर्ड आहे. वॉरन हेस्टिंग्जने 1788 मध्ये आपल्या घराण्याची ती जुनी जमीन परत विकत घेतली आणि घर बांधून घेतलं ते याच सॅम्युअल कॉकरेलकडून. ज्याच्या काळात पहिलं इंग्रज-मराठा युद्ध झालं आणि 1782 मध्ये महादजी शिंद्यांच्या मध्यस्थीने सालबाईचा तह झाला, तोच हेस्टिंग्ज. डेल्सफर्डच्या चर्चच्या आवारात तो पुरलेला आहे. घर खासगी आहे, आत जाता येत नाही. पण शाळेत तहाची कलमं पाठ केलेल्या माणसाने त्या शांत खेड्यात एकदा उभं राहून बघावं असं मला वाटतं.

प्रेषक: ब्रिस्टलहून

काका, गंगाराम तांबटांबद्दल मला काहीच माहीत नव्हतं. आमची तीन नावं लिहा.

प्रेषक: सहल समिती

सर्वांना नमस्कार,

काकूंच्या आणि काकांच्या मेलनंतर बेत बदलला आहे. सहल शुक्रवारी. सकाळी हिडकोट, दुपारी सीझिन्कोट, बस्स. दोन्हीकडच्या वेळा बघून नक्की केल्या आहेत. ज्यांना बस सोयीची नाही त्यांनी लंडनच्या पॅडिंग्टनहून मोरटन-इन-मार्शची थेट गाडी धरावी, साधारण दीड-पावणेदोन तास लागतात. स्टेशनवरून आमची एक गाडी घेऊन येईल. बागेच्या आत डबे उघडायचे नाहीत, जेवण बसपाशी. दशम्या, चटणी आणि दही-भात अशी सोय लेस्टरच्या मंडळींनी आपणहून अंगावर घेतली आहे, त्यांचे आभार. पायात रबरी तळव्याचे बूट हवेत, सीझिन्कोटला झऱ्याकाठी ओलं असतं. आणि ज्येष्ठांची घाई कुणीही करायची नाही.

प्रेषक: सॉलिहलहून, सहलीनंतर

काकू,

आज फक्त तुम्हाला लिहिणार होते, पण मग वाटलं सगळ्यांनाच कळू दे.

माझे बाबा उरणचे. गेली दोन वर्षं, आई गेल्यापासून, ते कुठेही गेले की "चला आता" एवढंच म्हणतात. हिडकोटलाही तसंच झालं. पाण्याच्या टाक्यापाशी दोन मिनिटं थांबले आणि काठी फिरवून म्हणाले, चला. मी मनात म्हटलं, आणलं ते चुकलंच.

सीझिन्कोटला तुम्ही सांगितलंत तसं आम्ही पुलाखाली उतरलो. दगडांवरून जाताना एका बाजूने मी आणि दुसऱ्या बाजूने ब्रिस्टलच्या दादांची मुलगी, असा त्यांचा हात धरला होता. ते आत बसले. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग उठून खांबापाशी गेले आणि तळवा त्यावर सपाट ठेवला, गुरांच्या पाठीवर ठेवतात तसा. म्हणाले, "आपला दगड काळा. हा पिवळट आहे." मग त्या मुलीला सांगायला लागले. सातवीत असताना मोऱ्याहून होडीने घारापुरीला शाळेची सहल गेली होती, होडीत पाणी शिरलं होतं, मास्तर सगळ्यांना गाणी म्हणायला लावत होते. लेण्यात खांबाला टेकून त्यांनी डबा खाल्ला होता, भाकरी आणि सुक्या बोंबलाची चटणी. यातलं मला काहीच माहीत नव्हतं. चाळीस वर्षांत मी हे त्यांच्या तोंडून ऐकलं नव्हतं. दादांच्या मुलीने विचारलं, तिथे किती खांब आहेत? तर ते बोटांवर मोजायला लागले, रांगा आठवून आठवून.

बाकीचे चहाला गेले. आम्ही गेलो नाही. बाबा खाली खांबाला पाठ टेकून बसून राहिले. पाणी वाहत होतं, वर कुणाच्या तरी गाडीचा आवाज गेला. मी स्वेटर पुढे करून विचारलं, पाठीला गार लागतंय का?

म्हणाले, "तिथलाही गारच होता."