घरी शुगर तीनशेच्या घरात, मावशीकडे गेली की घाम आणि थरथर. आईचं इन्सुलिन कुठे चुकतंय?

वाईची_लेक:

आई ६७ वर्षांची. शुगरला सोळा वर्षं झाली, इन्सुलिन चार वर्षांपासून. आई-आप्पा वाईजवळ गावी असतात, मी हडपसरला. आईला आता सिरिंजवरच्या रेषा दिसत नाहीत, हातही कापतो, म्हणून सुई आप्पा देतात. बाटलीतलं ते दुधाळ ३०/७० इन्सुलिन, सकाळी न्याहारीच्या आणि रात्री जेवणाच्या अर्धा तास आधी. वेळ चुकवत नाहीत. आप्पा घड्याळ लावून उठतात.

पावसाळ्यात सगळं छान होतं, उपाशीपोटी १३०-१४० यायची. दिवाळीनंतर चढायला लागली. २६०, २९०, परवा ३१२. डॉक्टरांनी डोस दोनदा वाढवला. सकाळचे १८ होते, त्याचे २२ आणि मग २६ केले. रात्रीचे १२ होते, ते १६. काडीचा फरक नाही. रात्रीतून चार वेळा लघवीला उठते, तोंडाला कोरड, वजन तीन किलोनं उतरलंय.

आणि मागच्या आठवड्यात मावशीकडे साताऱ्याला गेली, तर दुसऱ्याच रात्री अकराला मावशीचा फोन. आई घामानं भिजलेली, हात थरथरतायत, बोलणं अडखळतंय. मावशीलाही शुगर आहे, तिच्याकडे मशीन होतं म्हणून कळलं. ५४! साखरेचं पाणी दिल्यावर सावरली. घरी परत आली आणि पुन्हा २८०.

घरातले सगळे म्हणतात ती चोरून गोड खाते. मीही फोनवर म्हटलं, "आई, खरं सांग, काय काय खातेस?" ती काहीच बोलली नाही. आप्पांना मी लाडवांचा डबा मोजून ठेवायला सांगितला होता. हे लिहितानाही वाईट वाटतंय. कुणाला असा अनुभव आहे का?

पहाटवारा:

दिवाळीनंतर म्हणताय, तर मार्गशीर्षातले गुरुवार करतात का? साबुदाण्याची खिचडी, बटाटा, रताळं, सगळं पिठूळच. माझ्या सासूबाईंची शुगर दर गुरुवारी नेमानं चढायची.

वाईची_लेक:

इन्सुलिन सुरू झाल्यापासून उपवास सोडलेत. दोन वेळा एकेक भाकरी, भाजी, आमटी, ताक. आप्पा समोर बसून जेवतात.

निवृत्त_सिस्टर:

ताई, आईला विचारणं आधी थांबवा. चौतीस वर्षं सरकारी दवाखान्यात वॉर्ड सांभाळला. शुगर चढली की पहिला संशय पेशंटच्या जिभेवर जातो, हे रोज पाहिलंय, आणि त्याचा मला अजून राग येतो.

चोरून गोड खाणारी बाई बहिणीच्या घरी जाऊन ५४वर कशी येईल? पाहुणीला तर आग्रह करून वाढतात. माणूस तोच, कागदावरचा डोस तोच, मग घराबरोबर बदललं काय? बाटली आईची सोबत नेली होती की मावशींची वापरली? सिरिंज कुणाची होती? टोचलं कुणी आणि कुठे?

आजच व्हिडिओ कॉल करा. आप्पांना नुसतं विचारू नका, "मला करून दाखवा" म्हणा. बाटली फ्रिजच्या दारात आहे की बर्फाच्या कप्प्याला चिकटून? एकदा गोठलेलं इन्सुलिन वितळलं तरी फेकायचंच. बाटली उघडून २८ दिवसांच्या वर झाले का? भरण्याआधी दोन तळव्यांत हळू दहा-बारा वेळा घोळवतात का? दुधाळ इन्सुलिन न घोळवता ओढलं तर कधी नुसतं पाणी येतं, कधी गाळ. मग आईच्या पोटावर बोटं फिरवायला सांगा. रोज एकाच जागी टोचलं की कातडीखाली रबरासारखा गोळा होतो. तिथे दुखत नाही, म्हणून आपण तीच जागा धरतो, पण तिथून औषध धड शोषलं जात नाही. आणि सिरिंजच्या टोपणाचा रंग बघा. हे विसरू नका.

मेडिकलवाला:

सिस्टरांनी रंगाचं लिहिलंय, त्याचा हिशेब मी देतो. आपल्याकडे बाटलीतलं इन्सुलिन बहुतेक ४०चं, म्हणजे एका मिलीलिटरमध्ये ४० युनिट. त्याची सिरिंज लाल टोपणाची. केशरी टोपणाची सिरिंज १००च्या इन्सुलिनची. दोन्हींत औषध एक मिलीच मावतं, पण एकीवर आकडे ४०पर्यंत, दुसरीवर १००पर्यंत.

केशरी सिरिंजमध्ये ४०चं इन्सुलिन २६च्या रेषेपर्यंत भरलं तर अंगात जातं ०.२६ मिली. म्हणजे साडेदहा युनिटसुद्धा नाहीत. रात्रीचे १६ म्हणजे साडेसहाच्या आत. उलटी चूक तर जीवघेणी. इन्सुलिनच्या पेनमधल्या काडतुसात बहुतेक १००चं असतं. पेन बिघडलं म्हणून त्यातलं लाल सिरिंजनं ओढलं तर अडीचपट डोस जातो. माझ्या काउंटरवर बाटली आणि सिरिंज शेजारी ठेवून दोन्हींवरचा आकडा गिऱ्हाइकाला मोठ्यानं वाचायला लावतो. रांग थांबली तरी चालेल.

वाईची_लेक:

आत्ताच कॉल झाला.

आप्पा ओसरीवर बसले होते. चष्मा कपाळावर सरकवला, बाटली उजेडाला धरली. बाटलीवर ४०. घोळवली नीट, बुडबुडाही टिचकी मारून काढला. मग टोपण काढून बाजूला ठेवलं. केशरी.

आमच्या नेहमीच्या दुकानात दिवाळीच्या आठवड्यात सिरिंज संपल्या होत्या, म्हणून त्यांनी बाजारातल्या दुसऱ्या दुकानातून मोठं पाकीट आणलं. देणाऱ्यानं काही विचारलं नाही, आप्पांनाही वेगळं वाटलं नाही. २६ची रेष दिसत होती, तिथपर्यंत भरत होते. मावशीला फोन केला. बाटली आईचीच होती, सिरिंज मावशीची. लाल. आणि टोचलं मांडीत, कारण मावशी स्वतः मांडीतच घेते. आईच्या बेंबीच्या डाव्या अंगाला चांगला सुपारीएवढा गोळा आहे. आप्पा खाटेच्या त्याच बाजूला बसतात.

माझे हात कापतायत. आता लाल सिरिंज आणून तेच २६ द्यायला सांगू ना?

निवृत्त_सिस्टर:

नाही! थांबा. घरी शुगर उतरत नाही म्हणून डॉक्टर डोस वाढवत गेले, त्यांना सिरिंजचं ठाऊक नव्हतं. लाल सिरिंजनं २६ आणि तेही चांगल्या जागी, म्हणजे मावशीकडची रात्र पुन्हा. गोळा सोडून नवी जागा धरली तरी डोस कमी लागू शकतो. आजच्या रात्रीच्या सुईआधी डॉक्टरांना फोन लावा आणि जसं इथे लिहिलंय तसं सगळं सांगा. फोन लागला नाही तर आईला आप्पांबरोबर जवळच्या दवाखान्यात पाठवा. स्वतः अंदाज बांधू नका, माझ्याही अंदाजावर जाऊ नका.

आईच्या उशाशी तीन चमचे साखर पुडीत बांधून ठेवा. शुगर ७०च्या खाली किंवा थरथर, घाम असेल तर ती पाण्यातून द्यायची, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासायचं, अजून कमीच असेल तर पुन्हा द्यायची. वर आल्यावर काहीतरी खायला द्या. शुद्ध हरपली तर तोंडात काहीही घालायचं नाही, कुशीवर वळवून १०८ला फोन.

मेडिकलवाला:

ते केशरी पाकीट घरात ठेवूच नका. बाजूला ठेवलेलं घाईच्या दिवशी हाताला लागतं.

वाईची_लेक:

अकरा दिवसांनी लिहितेय. डॉक्टरांनी त्याच संध्याकाळी डोस सकाळी १६ आणि रात्री १० वर आणला, आठवडाभर दिवसातून चार वेळा तपासायला लावलं. आज उपाशीपोटी १४८. ७०च्या खाली एकदाही नाही. रात्री आता एकदाच उठते. आप्पांनी भिंतीवरच्या कॅलेंडरवर रोजची जागा लिहायला घेतलीय, "डा. मांडी", "उ. पोट".

पण आप्पा चार रात्री झोपले नाहीत. "माझ्याच हातानं दिलं गं," एवढंच म्हणत राहिले. मी शनिवारी गेले. आईचे पाय चेपत बसले आणि लाडवांच्या डब्याचं सांगितलं. आई म्हणाली, "मला माहीत होतं. आप्पा मोजताना बघितलं मी. त्यांना काही बोलू नकोस, ते जेवत नाहीयेत."

सिस्टर, एक विचारायचं होतं. आप्पांच्या उजव्या डोळ्यात मोतीबिंदू निघालाय, पुढच्या महिन्यात ऑपरेशन आहे. ते होऊन नजर बसेपर्यंत सुई कोण देणार? शेजारची बारावीतली मुलगी तयार आहे. तिला शिकवताना कुठून सुरुवात करू?

निवृत्त_सिस्टर:

आप्पांनाच शिकवू दे. तुम्ही कॉलवर बसा. पहिले आठ दिवस तिनं भरायचं, आप्पांनी किंवा तुम्ही आकडा तपासायचा आणि मगच टोचायचं. आप्पांना सांगा, बाटली घोळवणारा हात त्यांचा चांगलाच आहे, पोरीला तोच आधी दाखवा.