बाहेरच्या नजरेने सुटलेले प्रश्न : आपले अनुभव लिहा

आपल्या गटात अडून बसलेला प्रश्न बाहेरच्या माणसामुळे मार्गी लागला असेल, तर त्याला केव्हा बोलावले, काय दाखवले आणि त्याने नेमके काय विचारले, हे सविस्तर लिहावे, अशी विनंती आहे. समुद्रावर रेखांश ठरविण्याच्या उपायासाठी ब्रिटिश संसदेने १७१४ मध्ये बक्षीस जाहीर केले, तेव्हा बहुतेक विद्वानांचा भरवसा आकाशनिरीक्षणावर होता. उपाय मात्र सुतारकाम करणाऱ्या जॉन हॅरिसनच्या घड्याळातून निघाला. तरीही रोजच्या कामातले अनुभव अशा थोर उदाहरणांहून अधिक उपयोगी पडतील.

परिचारिका, अतिदक्षता विभाग
शस्त्रक्रियेनंतर रुग्ण आमच्या ताब्यात येताना व्हेंटिलेटर जोडणे, सलाइन लावणे आणि माहिती सांगणे हे सारे एकाच वेळी चाले, त्यामुळे औषधांचे तपशील पुन्हा पुन्हा विचारावे लागत. बैठकीत आम्ही दर वेळी तपासणीची यादी आणखी लांबवत असू. लंडनच्या ग्रेट ऑर्मंड स्ट्रीट रुग्णालयाने याच कामासाठी फॉर्म्युला वन मोटार शर्यतीतील पिट क्रूकडून, म्हणजे शर्यतीदरम्यान थांबलेल्या गाडीची चाके झटपट बदलणाऱ्या चमूकडून, धडे घेतले होते, हे आमच्या भूलतज्ज्ञांना ठाऊक होते. त्यांनी एका अग्निशमन अधिकाऱ्यांना निरीक्षणासाठी बोलावले. ते भिंतीशी उभे राहून पाहत होते आणि शेवटी त्यांनी एवढेच विचारले, "या वेळी हुकूम कोणाचा चालतो?" शल्यचिकित्सक आणि भूलतज्ज्ञ दोघेही एकदमच "माझा" म्हणाले. आता सूत्रे भूलतज्ज्ञांकडे असतात. आधी उपकरणे जोडली जातात, मग एकच जण बोलतो आणि बाकीचे हातातले काम थांबवून ऐकतात. हाच प्रश्न आमच्यापैकी कोणी विचारला असता, तर तो मानापमानाचा झाला असता, असे मला मनापासून वाटते.

देखभाल अभियंता
आमच्याकडे नव्या यंत्राची मागणी नोंदवून झाल्यावर व्यवस्थापनाने सल्लागार बोलावले, त्यामुळे त्यांच्या चांगल्या सूचनाही कागदावरच राहिल्या. अलास्कातील १९८९ च्या तेलगळतीनंतर थंडीने घट्ट झालेले तेल नौकांमधून उपसणे वर्षानुवर्षे जड जात होते; २००७ मध्ये खुल्या आवाहनाला उत्तर देताना, काँक्रीट वाहते ठेवणाऱ्या कंपनयंत्राची माहिती असलेल्या माणसाने उपाय सुचवला. उत्तर ठरलेले नसतानाच विचारले, म्हणून ते साधले.

सॉफ्टवेअर चाचणी
आमचा ऑनलाइन अर्ज लोक अर्धवट सोडत होते आणि आम्ही पडद्याची मांडणी बदलत बसलो होतो. हेल्पलाइनवर फोन घेणाऱ्या ताईंना बैठकीत बसवले, तेव्हा त्या म्हणाल्या, "लोक कागदपत्रे शोधायला उठतात आणि परत येईपर्यंत अर्ज बंद पडलेला असतो." कागदपत्रांची यादी आम्ही पहिल्याच पानावर आणली. एक काळजी मात्र जरूर घ्यावी : चर्चेआधी प्रत्येकाने आपली कल्पना स्वतंत्रपणे लिहावी. येल विद्यापीठातील १९५८ च्या प्रयोगात एकत्र बसलेल्या चौघांपेक्षा वेगवेगळे बसलेल्या चौघांच्या कल्पना एकूण अधिक भरल्या होत्या, आणि वरिष्ठांसमोर संकोचणाऱ्या पाहुण्याचे म्हणणे कागदावर तरी नक्की उतरते.