मदत हवी आहे: कंडेन्सरमधे वाफ थंड का करावीच लागते? बारावीच्या पोरांना पटेल असं उत्तर पाहिजे

नमस्कार मंडळी,

मी अंबाजोगाईला बारावी सायन्सच्या फिजिक्सच्या शिकवण्या घेतो. सध्या थर्मोडायनॅमिक्सचा धडा चालू आहे आणि एका विद्यार्थिनीच्या प्रश्नावर सगळा वर्ग अडून बसलाय. पुस्तकातलं उत्तर मला माहिती आहे पण तेवढ्यानं पोरांचं समाधान होत नाहीये, आणि होऊही नये, प्रश्न खरंच चांगला आहे.

परळी इथून जवळ, म्हणून उष्मा इंजिन शिकवताना मी औष्णिक वीज केंद्राचंच उदाहरण घेतो. पोरांनी त्या चिमण्या आणि कूलिंग टॉवर लहानपणापासून बघितलेत. बॉयलरमधे वाफ होते, ती टर्बाइन फिरवते, टर्बाइनमधून निघालेली वाफ कंडेन्सरमधे थंड नळ्यांवर जाते, तिचं पाणी होतं आणि ते पाणी पंपानं परत बॉयलरमधे. इथपर्यंत सगळ्यांना कळलं. मग ही मुलगी म्हणाली, सर, कंडेन्सरमधे वाफेतली एवढी उष्णता काढून हवेत सोडतो आणि लगेच त्याच पाण्याची परत वाफ करायला कोळसा जाळतो, मग ती वाफ थंड न करता तशीच बॉयलरमधे का नाही ढकलत?

तिनं आकडे पण काढून आणले होते. कंडेन्सरमधे वाफ साधारण ४६ अंशांना असते, तिचं पाणी करायला किलोमागे जवळजवळ २३९० किलोजूल काढावे लागतात. आणि टर्बाइन किलोमागे काम करते हजार-बाराशे किलोजूलचं. म्हणजे जेवढं मिळवलं त्याच्या दुप्पट फेकलं! त्यात २०१३ च्या दुष्काळात पाणी नाही म्हणून परळीचे संच बंद ठेवायला लागले होते, २०१५ ला पण तेच झालं, हे सगळं इथल्या घराघरात माहिती आहे. तिचं म्हणणं, उष्णता फेकलीच नाही तर कूलिंग टॉवर नको, टॉवर नाही तर एवढं पाणी नको.

पहिल्या नियमाला यात काही अडचण नाही, ऊर्जेचा हिशोब बरोबर जुळतो. दुसरा नियम सांगितला की एकाच तापमानाच्या साठ्यातून उष्णता घेऊन ती पूर्णच्या पूर्ण कामात बदलणारं, चक्रात चालणारं इंजिन बनत नाही. त्यावर वर्गाचं म्हणणं, सर हा नियम झाला, पण वाफ ढकलायला गेलो तर प्रत्यक्षात अडतं कुठं ते सांगा. तर कोणी प्लँटवर काम केलेलं असेल किंवा हे शिकवत असेल तर प्लीज सांगा. अजून एक, कार्नोच्या सूत्रानं (आदर्श इंजिनाची कमाल कार्यक्षमता: १ वजा थंड भागिले गरम तापमान, केल्विनमधे) मला ६० टक्के कार्यक्षमता येते (वाफ ५३८ अंश, कंडेन्सर ४६ अंश) आणि प्रत्यक्षात ३६-३८ टक्केच ऐकतो, मधले कुठे गेले?

— धागाकर्ता

टर्बाइन_हॉल:
सर, आधी त्या मुलीला माझ्याकडून शाबासकी सांगा. मी बरीच वर्षं वीज केंद्रात प्लँट चालवायच्या कामाला (ऑपरेशनला) होतो, आमच्याकडे नवीन आलेले इंजिनिअर पण हे विचारायचे.

अडतं ते ढकलण्यातच. कंडेन्सरमधे दाब असतो ०.१ बार (१ बार म्हणजे साधारण आपल्या हवेचा दाब), म्हणजे जवळपास व्हॅक्युमच, आणि बॉयलरमधे १७० बार. ०.१ बारला एक किलो वाफ साडेचौदा घनमीटर जागा घेते, त्याच वाफेचं पाणी केलं की एक लिटर. आता पाण्याचा दाब १७० बारपर्यंत न्यायला किती काम लागतं? पाणी दबत नाही, त्यामुळे आकारमान गुणिले दाबातला फरक, किलोमागे १७ किलोजूल येतात. पंपात थोडे वाया जातात ते धरून वीस-पंचवीस म्हणा. टर्बाइननं दिलेल्या हजार-बाराशेपुढे हे काहीच नाही.

आणि वाफ तशीच दाबायची म्हटली तर? टर्बाइनमधे १७० बारवरून ०.१ बारपर्यंत पसरताना वाफेनं जे काम दिलं तेच सगळं तिला परत द्यावं लागेल, कारण तुम्ही त्याच रस्त्यानं उलटं चाललाय. काहीच घर्षण नाही असं धरलं तरी नफा शून्य. खऱ्या कॉम्प्रेसरमधे आणि टर्बाइनमधे नुकसान होतंच, मग जनरेटरला द्यायला काही उरणं सोडा, बाहेरून वीज आणायला लागेल. म्हणून जाताना एक रस्ता आणि येताना दुसरा, स्वस्तातला रस्ता लागतो. तो स्वस्त रस्ता म्हणजे वाफेचं पाणी करणं, आणि त्याची किंमत म्हणजे ती २३९० किलोजूल.

वर्गात दाखवायला दोन सुया नसलेल्या सिरिंज घ्या, एकीत पाणी भरा एकीत हवा, तोंड बोटानं दाबून धरा आणि दट्ट्या दाबायला सांगा. पाण्याचा दट्ट्या हलतच नाही, म्हणजे दाब वाढला पण काम जवळजवळ शून्य. हवेचा आत जातो, तिथे काम करावं लागतं. पोरांच्या हाताला जे कळेल ते फळ्यावर कळणार नाही.

मेकॅनिकल_ताई:
वरचं उत्तर एकदम बरोबर, पण हुशार पोरगी पुढचा प्रश्न नक्की विचारणार: बरं, वाफ नका दाबू, पण कंडेन्सरमधून निघालेली उष्णता हीट पंपानं (काम देऊन उष्णता थंडाकडून गरमाकडे नेणारं यंत्र) उचलून परत बॉयलरला द्या. ह्याला कार्नो या फ्रेंच इंजिनिअरनं १८२४ मधेच उत्तर देऊन ठेवलंय, आणि तेही उष्णता हा एक न दिसणारा द्रव असतो असं मानायच्या काळात. त्याचा युक्तिवाद असा की उलटसुलट दोन्हीकडून चालणारं आदर्श इंजिन घ्या. त्याच दोन तापमानांमधे त्याच्यापेक्षा जास्त काम देणारं दुसरं इंजिन असेल तर दुसऱ्याच्या कामावर पहिलं उलटं चालवा, म्हणजे खर्च न करता काम शिल्लक राहील, किंवा आजच्या भाषेत उष्णता फुकटात थंडाकडून गरमाकडे चढत जाईल. असं कुठेच घडत नाही. १८५० मधे क्लाउझियस या जर्मन शास्त्रज्ञानं उष्णता म्हणजे ऊर्जाच हे धरून याची नीट मांडणी केली. त्यामुळे हीट पंपाला कमीत कमी तेवढंच काम द्यावं लागतं जेवढं त्या उष्णतेतून इंजिनानं काढलं असतं. फायदा नाही.

एंट्रॉपी पोरांना हिशोबाच्या वहीसारखी सांगा सर. प्रत्येक उष्णता स्वतःबरोबर एंट्रॉपी घेऊन येते, उष्णता भागिले केल्विनमधलं तापमान. काम मात्र एंट्रॉपी नेत नाही. चक्र पूर्ण झालं की वाफ पहिल्या स्थितीत, म्हणजे तिच्या वहीत शिल्लक शून्य पाहिजे. मग आत आलेली एंट्रॉपी बाहेर कशानं जाणार? उष्णतेनंच, दुसरा दरवाजा नाही. ८११ केल्विनला १००० किलोजूल आत घेतले तर १.२३ किलोजूल प्रति केल्विन एंट्रॉपी आली, तेवढी ३१९ केल्विनला बाहेर टाकायला निदान ३९३ किलोजूल फेकावेच लागतात. तिथूनच तुमचे ६० टक्के येतात. फेकायचं ठिकाण जितकं थंड तितकी कमी उष्णता फेकून काम भागतं.

आता मधले टक्के. ५३८ अंश हे वाफेचं शेवटचं, सगळ्यात जास्त तापमान. पाणी वाटेतच तापवून बॉयलरमधे शिरतं २५० अंशांच्या आसपास, मग तापतं, उकळतं, वाफ अजून तापते. उष्णता आत जाते तेव्हाचं सरासरी तापमान काढलं तर ३७० अंशांजवळ येतं, ते घालून सूत्र लावा, ५० टक्के येतील. टर्बाइनमधलं घर्षण, गळती वगैरे धरून ४३-४४ उरतात. बॉयलर स्वतः ८५-८७ टक्क्यांचा, चिमणीतून गरम धूर जातोच. गुणाकार केला की ३७.

धागाकर्ता:
ताई, टर्बाइन_हॉल दादा, मनापासून आभार, दोन्ही उत्तरं अशीच्या अशी वर्गात वाचून दाखवणार आहे, सिरिंज आजच आणतो. पण पोरांना वाईट वाटतंय ते उष्णता वाया जाण्याचं. २५० मेगावॅटच्या संचाचा हिशोब केला तर कंडेन्सरमधून सव्वातीनशे मेगावॅटच्या आसपास उष्णता जाते! ही कशालाच उपयोगी नाही का?

ऊसवाला_कोल्हापूर:
आहे की, आमच्या साखर कारखान्यात हेच करतात. बगॅस (उसाचा चोथा) जाळून वाफ, वाफेवर टर्बाइन, पण तिथली वाफ व्हॅक्युमपर्यंत पसरू देत नाहीत, हवेच्या दाबापेक्षा दीड किलो (प्रति चौरस सेंटीमीटर) जास्त दाबाला एक्झॉस्ट, म्हणजे टर्बाइनमधून निघणारी वाफ, बाहेर काढतात. ती सव्वाशे अंशांच्या वर असते, तीच इव्हॅपोरेटरला जाते आणि रस आटवते. म्हणजे वाफेचं पाणी इथेही होतंच, दुसरा नियम इथेही पाळला जातो, फक्त फेकलेली उष्णता उसाच्या रसात जाते. बदल्यात त्या वाफेमागे वीज कमी मिळते. परळीची ४६ अंशांची उष्णता रस उकळायला चालणार नाही, आणि सव्वाशे अंशांची काढायची तर वीज सोडावी लागेल. शिवाय एवढी उष्णता बारा महिने घेणारं गिऱ्हाईक शेजारी पाहिजे, आमचा गाळप हंगाम संपला की आम्हालाही नको असते.

टर्बाइन_हॉल:
ऊसवाले साहेब बरोबर. पाण्याबद्दल एक राहिलं. टॉवरवर दिसतो तो पांढरा ढग पाण्याचाच आहे, धूर नाही. थोडं पाणी उडून जातं आणि बाकीचं थंड होऊन परत कंडेन्सरला जातं. २०१५ च्या पर्यावरण नियमांत टॉवर असलेल्या जुन्या केंद्रांना विजेच्या एका युनिटमागे साडेतीन लिटर पाण्याची मर्यादा घातली, त्यावरून अंदाज घ्या. मे महिन्यात थंड पाणीच गरम यायचं, कंडेन्सर ४६ चा ५२ अंशांवर गेला की दाब ०.१ वरून ०.१३६ बार, व्हॅक्युम असा कमी झाला की तेवढ्याच कोळशात मेगावॅट कमी. वर्गातल्या पोरांना सांगा कूलिंग टॉवर बॉयलरइतकाच इंजिनाचा भाग आहे, आणि पाण्याऐवजी हवेनं थंड करणारे कंडेन्सर पण असतात. पाणी खूप वाचतं, पण हवा पाण्याइतकी थंड करू शकत नाही म्हणून थोडी वीज सोडावी लागते. मराठवाड्यात ती सोडणं परवडेल की नाही हा हिशोब त्या मुलीलाच करायला द्या, तिला जमेल.