समोरच्या टीममधला आपला माणूस

चरई, ठाणे

बिल्डिंग रीडेव्हलपमेंटला चालली आहे, म्हणून गेल्या रविवारी माळा रिकामा केला. पितळी पिंपामागे माझी दोनशे पानी वही सापडली. कव्हरवर 'भूगोल', आत पानोपानी पाकिस्तानचा बोलर वसीम अक्रम. पेपरातली कात्रणं, भाताच्या खळीने चिकटवलेली, आता पिवळी पडलेली. तेव्हा वडिलांना कळलं असतं तर वहीसकट मीही जिन्याखाली गेलो असतो.

१९९२च्या वर्ल्ड कप फायनलमधले त्याचे ते दोन चेंडू आठवा. इंग्लंडच्या लँबला टाकलेला आत येतो येतो म्हणेपर्यंत बाहेर निघाला आणि दांडी गुल. पुढचा लुईसच्या बॅटची कड घेऊन आत घुसला. त्यानंतर आम्ही सेंट्रल मैदानात टेनिस बॉलच्या अर्ध्या अंगाला इलेक्ट्रिशियनची काळी टेप लावून महिनाभर तोच उद्योग केला. मी उजव्या हाताचा, पण टाकायचो हट्टाने डाव्याने. अंपायर स्क्वेअर लेगला उभा राहायला घाबरायचा.

बायको म्हणते, वही रद्दीत घाल. त्याआधी तुम्हाला विचारतो: समोरच्या टीममधला तुमचा माणूस कोण? आकडे नकोत, ते सगळ्यांना पाठ आहेत. तो तुम्हाला कुठे आणि कसा भेटला, ते सांगा.

नौपाडा

वेस्ट इंडीजचा क्लाइव्ह लॉइड. जानेवारी १९७५, वानखेडेवरची पहिलीवहिली टेस्ट. कॉलेजला दांडी मारून ठाण्याहून व्हीटी, पुढे चालत. डब्यात पोळी आणि बटाट्याच्या काचऱ्या. मैदानात आला तेव्हा वाटलं, हा काय खेळणार? जाड चष्मा, खांदे पुढे पडलेले, चाल अशी की लायब्ररीतला माणूस पुस्तक जागेवर ठेवायला निघालाय. आणि मग बॅटचा आवाज! एवढी जड बॅट तो काडीसारखी फिरवायचा. बेदीच्या चेंडूला अशी वागणूक मिळताना मी पहिल्यांदाच बघत होतो. नाबाद २४२.

त्याच्या दोनशे झाल्यावर एक पोरगा अभिनंदन करायला आत धावला. पोलिसांनी त्याला बडवलं आणि स्टेडियम भडकलं. दंगल झाली, खेळ थांबला. लक्षात घ्या, लोक चिडले ते आपण मार खातोय म्हणून नाही. ज्याने आपल्याला धुतलं त्याच्याशी हात मिळवू दिला नाही म्हणून! घरी जाऊन सांगितलं तर आमच्या तीर्थरूपांना एकच प्रश्न पडला: "म्हणजे आज कॉलेज नव्हतं का?"

कळवा

मला माफ करा. १८ एप्रिल १९८६, शुक्रवार, शारजा, शेवटचा चेंडू, चेतन शर्माला सिक्सर आणि आपण हरलो. त्या पाकिस्तानच्या मियाँदादचं नाव आमच्या घरात आजही कुणी काढत नाही. कौतुक वगैरे जमणार नाही.

चरई, ठाणे

कळवेकर, गल्लीत खेळताना शेवटच्या चेंडूला चार हवे असले की काय व्हायचं?

कळवा

पकडलंत. सगळे ओरडायचे, "मी मियाँदाद, मी मियाँदाद!" चेतन शर्मा व्हायला कुणीच तयार नसायचं. लहान भावाला व्हावं लागायचं.

वाशी

दहावीचं वर्ष. ३१ जानेवारी १९९९, रविवार, पाकिस्तानविरुद्धची चेन्नई टेस्ट. मी वही घेऊन टीव्हीकडे पाठ करून बसले होते, म्हणजे कपाटाच्या आरशात मॅच बघत होते. पाठीत चमक घेऊन सचिन १३६ वर खेळत होता. सतरा धावा हव्या होत्या, तीन विकेट हातात राहणार होत्या, आणि सकलेनला उंच मारायला गेला. कॅच अक्रमने घेतला. बाबांनी उठून टीव्ही बंद केला.

थोड्या वेळाने त्यांनीच लावला. आपण बारा धावांनी हरलो होतो. पाकिस्तानी टीम मैदानाला फेरी मारत होती आणि अख्खं चेपॉक उभं राहून टाळ्या वाजवत होतं. बाबा बनियनवर, एका हातात रिमोट. दुसऱ्या हाताने त्यांनी मांडीवर दोनदा थाप मारली. टाळी म्हणायची तर तीच. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "तो सकलेनचा बाहेर जाणारा चेंडू हातातून कळत नाही, नाही का?" मी आरशात बघत होते हे त्यांना पहिल्यापासून माहीत होतं.

नेरूळ

ऑस्ट्रेलियाचा शेन वॉर्न. शारजात सचिनने त्याला धुतला तेव्हा आम्ही नाचलो होतो. दहा वर्षांनी, १ जून २००८ला, डी. वाय. पाटीलवर पहिल्या आयपीएलची फायनल, आणि मी घसा फोडत होतो त्याच जाड्यासाठी, राजस्थानच्या कॅप्टनसाठी. शेवटच्या चेंडूवर एक धाव हवी होती. एका टोकाला वॉर्न, समोर सोहेल तन्वीर. तन्वीरने धाव काढली आणि माझ्या शेजारच्या अनोळखी काकांनी मला उचललं. नेरूळमध्ये एका पाकिस्तानी बोलरसाठी हजारो माणसं नाचत होती. त्याच नोव्हेंबरमधल्या २६/११ नंतर ते पुन्हा शक्य राहिलं नाही, म्हणून ती रात्र जास्त लक्षात आहे.

वॉर्न गेला त्या दिवशी, मार्च २०२२मध्ये, ऑफिसातून येताना उगाच एक स्टॉप आधी उतरलो आणि स्टेडियमवरून चालत घरी गेलो.

ऐरोली

मी ओपनिंग करते, म्हणून दक्षिण आफ्रिकेची लॉरा वोल्वार्ट. २ नोव्हेंबर २०२५, तेच स्टेडियम, महिला वर्ल्ड कपची फायनल. पावसामुळे मॅच दोन तास उशिरा सुरू झाली, माझा झेंडा भिजून रंग गालाला लागला होता. आपण २९८ केले होते. बाकीच्या जात होत्या, ही उभी. तिचा कव्हर ड्राइव्ह टीव्हीवर दिसतो त्याहून सावकाश वाटतो, चेंडू मात्र कधीच गेलेला असतो. माझ्यामागे एक मावशी होत्या; मुलांसाठी आल्या होत्या, क्रिकेट फारसं कळत नव्हतं. दर चौकाराला पुटपुटायच्या, "आउट हो गं बाई, पण किती छान खेळतेस!"

१०१ वर अमनजोतने कॅच घेतला. हातातून दोनदा उडाला, तिसऱ्यांदा धरला. मी किंचाळले. मग मान वळवून बघितलं तर लॉरा निघाली होती, हेल्मेट न काढता. आम्ही वर्ल्ड कप जिंकलो, रात्री झोप आली नाही. पण दुसऱ्या दिवशी नेट्सला गेल्यावर मी स्टान्स घेतला तो तिचा. सरांनी ओळखला. काही बोलले नाहीत, फक्त म्हणाले, "डोकं स्थिर ठेव, तिचं असतं तसं."

चरई, ठाणे

वही राहणार आहे. बायकोने तुमचं सगळं वाचलं आणि काल स्वतःच्या माहेरच्या ट्रंकेतून काहीतरी काढून दाखवलं: राहुल द्रविडच्या फोटोमागे दडवलेला श्रीलंकेचा रोशन महानामा. आता ट्रंकही नव्या घरात न्यावी लागेल.