अ‍ॅड्रेस बुक आपोआप भरायचं कशाला?

कळफलक:
‘ज्याला मेल पाठवला त्याचा पत्ता आपोआप साठवला जावा, सुरक्षेचा बाऊ पुरे,’ हे टपालपेटी यांचं म्हणणं वाचून गप्प बसवेना. साठवलेला पत्ता नुसता पत्ता राहत नाही, तो विश्वासाचा परवाना होतो. आउटलुक या मेलच्या प्रोग्रामच्या जंक (नकोशा मेलच्या) पर्यायांत कॉन्टॅक्ट्सवर विश्वास ठेवण्याची खूण आधीपासूनच असते. तसाच दुसरा प्रोग्राम थंडरबर्ड अ‍ॅड्रेस बुकमधल्या पत्त्याचा मेल आपणहून जंक ठरवत नाही. आणि ‘फ्रॉम’ची ओळ तर पाठवणारा लिहील ती! मार्च १९९९ मध्ये मेलिसा या मेलमधून पसरणाऱ्या व्हायरसने प्रत्येक पत्त्यांच्या यादीतले पहिले ५० पत्ते उचलले, मे २००० मध्ये लव्हलेटर या दुसऱ्या व्हायरसने सगळेच. ओळखीचं नाव दिसलं म्हणूनच लोकांनी ते मेल उघडले.

टपालपेटी:
दोन वह्यांची गल्लत करून लोकांना घाबरवू नका. थंडरबर्ड आपोआप घेतलेले पत्ते ‘कलेक्टेड’ नावाच्या वहीत टाकतं, जंकमधली सूट मुळात फक्त ‘पर्सनल’ या वहीला असते. आणि लव्हलेटरनंतर आउटलुकने पहारा बसवलाच: अँटिव्हायरस अद्ययावत नसेल आणि दुसरा प्रोग्राम पत्त्यांना हात लावू लागला, की विचारणा होते, परवानगी फार तर १० मिनिटांची. आज चोरी होते ती पासवर्डची. चोर ‘सेंट’ (पाठवलेले मेल) उघडेल, तिथे सगळे पत्ते आहेतच.

कळफलक:
‘कलेक्टेड’चं बरोबर आहे, चूक माझी. ‘सेंट’चंही खरं. पण चोरी आणि विश्वास हे दोन वेगळे प्रश्न आहेत. आउटलुकमधली ती खूण काढलीच पाहिजे.

अनुस्वार:
तुम्ही दोघं चोराचं बोलताय, खरं नुकसान ऑटोकम्प्लीट, म्हणजे टाइप करताना पत्ता सुचवणारी सोय, करतं. तीन अक्षरं टाइप केली, टॅब दाबला, आणि एकाच नावाच्या दोघांपैकी भलत्याला पगाराचा तक्ता गेला. आउटलुकमध्ये कॉन्टॅक्ट पुसला तरी सूचना येतच राहते, कारण ती यादी वेगळी असते. सूचनेशेजारची फुली दाबावी लागते. जीमेलमध्ये सेटिंग्ज, जनरल, तिथे ‘कॉन्टॅक्ट्स मी स्वतः जोडेन’ निवडा. ‘अनडू सेंड’ (पाठवलेला मेल मागे घेण्याची मुदत) ५ सेकंदांवरून ३० वर न्या.

टपालपेटी:
म्हणजे माणसाने प्रत्येक पत्ता हाताने टाइप करायचा? एक अक्षर चुकलं की मेल परक्याच्या हाती!

अनुस्वार:
चुकलेला पत्ता बहुतेक वेळा बाउन्स होतो, म्हणजे परत येतो. भलत्या ओळखीच्याला गेलेला मेल वाचला जातो.

टपालपेटी:
‘बहुतेक’वर विसंबू नका. मोठ्या सेवांच्या नावात एक अक्षर बदलून घेतलेली डोमेन (पत्त्यातली @ नंतरची नावं) असतात, तिथे काहीच बाउन्स होत नाही, सगळं गोळा होतं. सूचना बंद करणं हा उपाय नाहीच. सूचना फक्त हाताने जोडलेल्या पत्त्यांच्या याव्यात, एवढं मी मानतो. त्यापुढे एक पाऊलही नाही.

दीपस्तंभ:
मग थंडरबर्डच्या सेटिंग्जमधल्या ‘कम्पोझिशन’मधली पत्ते गोळा करण्याची खूण काढा, पण जुनी ‘कलेक्टेड’ वही वेगळी रिकामी करा. खूण काढल्याने ती पुसली जात नाही. आणि थंडरबर्डच्या प्रायमरी पासवर्डवर निर्धास्त राहू नका. तो साठवलेले पासवर्ड झाकतो, पत्त्यांच्या फाइल्स प्रोफाइलच्या फोल्डरमध्ये उघड्याच पडलेल्या असतात. लॅपटॉपची डिस्क एन्क्रिप्ट (सांकेतिक रूपात कुलूपबंद) केली नसेल, तर वरचं सगळं भांडण नंतरचं.