नववीला आदिवासी स्त्रियांचं नेतृत्व कसं शिकवू? (नाच आणि वेशभूषा सोडून सुचवा)

शिक्षिका_मानेवाडा
नमस्कार मंडळी. नागपुरात मराठी माध्यमाच्या शाळेत नववीला इतिहास-नागरिकशास्त्र शिकवते. ९ ऑगस्टला जागतिक आदिवासी दिन आला की आमच्याकडे कार्यक्रम ठरलेला: मोरपिसं, ढोल, एक समूहनृत्य, मुख्याध्यापकांचं भाषण आणि पेढा. यंदा त्या आठवड्यातले चार तास मी मागून घेतलेत. विषय आदिवासी स्त्रियांचं नेतृत्व आणि हक्क. वर्गात जवळच्या वसतिगृहातल्या गोंड आणि माना जमातींच्या काही मुली आहेत, त्यांना अवघडल्यासारखं होऊ नये ही मोठी काळजी.

शोधायला बसलं की एका टोकाला राणी दुर्गावती (१५६४) आणि दुसऱ्या टोकाला राष्ट्रपती मुर्मू (२०२२). मधली साडेचारशे वर्षं कोरी! काय वाचू, काय दाखवू, कुठे नेऊ? बजेट म्हणाल तर बसभाडं निघेल एवढंच.

झिरो_माईल
अजब बंगला आहेच. १८६३ चं संग्रहालय, आदिवासी दालन आहे. पण मॅडम, तिथून सुरुवात करू नका. काचेमागचे दागिने पाहून पोरं "पहिले असे लोक असायचे" म्हणत बाहेर निघतात, आणि ते लोक त्यांच्याच बेंचवर बसून असतात.

त्यापेक्षा सीताबर्डीला उतरा. झिरो माईलजवळ गोवारी शहीद स्मारक आहे. २३ नोव्हेंबर १९९४, हिवाळी अधिवेशन, अनुसूचित जमातीच्या सवलतींसाठी गोवारींचा मोर्चा, आणि चेंगराचेंगरीत ११४ माणसं गेली. त्यात बाया आणि लेकरं कितीतरी. ज्या उड्डाणपुलावरून अर्धं नागपूर रोज जाते त्याचं नावच आदिवासी गोवारी शहीद उड्डाणपूल आहे, पण पाटी वाचते कोण. मागणीचं पुढे काय झालं तेही सांगा: उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये बाजूने निकाल दिला, सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये तो फिरवला. मोर्चात बाया काहून लेकरं घेऊन आल्या होत्या, एवढा एक प्रश्न वर्गात टाका, तास पुरणार नाही.

सदरवाला
राणी दुर्गावती सोडू नका हो. आणि चंद्रपूरची राणी हिराई पण घ्या. नवऱ्याची, बिरशाहची समाधी तिने बांधली, महाकालीचं मंदिरही तिचंच. सहल चंद्रपूरला काढता येईल.

मोहफूल
जय सेवा. सदरवाला दादा, राण्या घ्या, पण दहा मिनिटं. दुर्गावती जन्माने चंदेल, लग्न होऊन गोंड घराण्यात आली, नवरा गेल्यावर मुलाच्या नावाने गढा-मंडलाचं राज्य चालवलं, मोगलांशी लढताना गेली. मोठी बाई, वादच नाही. पण वसतिगृहातल्या पोरीला त्यातून काय मिळते? तिच्या आईकडे हत्ती नाही. तिच्या आईकडे वनहक्काचा पट्टा, म्हणजे कसत असलेल्या जंगलजमिनीचा हक्काचा कागद आहे, किंवा अजून मिळायचा आहे. तिथून सुरू करा ना मॅडम.

धानोरा_रोड
मोहफूल ताईंच्या मुद्द्यालाच जोडून लिहितो. गडचिरोलीत ग्रामसभांसोबत बरीच वर्षं काम करतोय, त्यामुळे जरा लांबेल.

वनहक्क कायदा २००६ चा. त्यात जमिनीचा हक्क विवाहितांना नवरा-बायको दोघांच्या नावाने मिळतो, म्हणजे बाईचं नाव कागदावर येतंच. वनहक्क समितीत किमान एक तृतीयांश स्त्रिया लागतात. आणि माझ्या मते शिकवायला सगळ्यात भारी नियम गणपूर्तीचा: २०१२ च्या दुरुस्तीनंतर ग्रामसभेला निम्मे सदस्य हजर हवेत आणि हजर असलेल्यांत किमान एक तृतीयांश स्त्रिया.

हे भाषणात सांगू नका. वर्गाचीच ग्रामसभा करा. फळ्यावर लिहा: गावात १६० मतदार. सभेला ७० पुरुष आले, १५ बाया आल्या. सभा होईल का? मुलं पटकन म्हणतील होईल, ८५ म्हणजे निम्म्याहून जास्त. मग कोणीतरी तृतीयांश काढेल. २९ बाया लागतात, १५ च आहेत, सभा तहकूब. आता खरा प्रश्न विचारा: बाया का आल्या नाहीत? सभा मार्चमध्ये सकाळी सातला ठेवली होती. त्या वेळी बाया मोहाच्या झाडाखाली असतात, पहाटेपासून फुलं वेचत. म्हणजे सभेची वेळ ठरवणाऱ्याने अर्ध्या गावाचं तोंड बंद केलं, एकही शब्द न बोलता. माझ्या डोक्यात नेतृत्व म्हणजे ही वेळ बदलून घेणारी बाई. तिचा फोटो कुठल्याच कॅलेंडरवर येत नाही.

मेंढा (लेखा) गावाची माहितीही द्या. धानोरा तालुक्यातलं हे गाव, २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळालेल्या देशातल्या पहिल्या गावांपैकी. "दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार" ही घोषणा तिथलीच. निर्णय बहुमताने नाही, सर्वांच्या सहमतीने होतात. मुलांना ते आधी अशक्य वाटतं, मग वर्गाची सहल कुठे न्यायची हे सहमतीने ठरवायला लावा, गंमत पाहा.

गणिताच्या सरांनाही ओढा यात. तेंदूपत्त्याचा (विडीच्या पानांचा) भाव शेकड्यावर असतो, म्हणजे शंभर पुड्यांवर, आणि एका पुड्यात ७० पानं. शंभर पुड्यांना ७,००० पानं तोडायची, घरी आणायची, जुळवायची, बांधायची. मे महिन्यातलं ऊन वेगळं.

सदरवाला
रामटेक तालुक्यात देवलापारकडे गोंड गावं आहेत. पेसाची (आदिवासी भागातल्या ग्रामसभांना जादा अधिकार देणारा कायदा) ग्रामसभा दाखवायला तिकडेच नेलं तर? गडचिरोली लांब पडते.

काळा_कोट
पेसा (१९९६) फक्त अनुसूचित क्षेत्रात लागू होतो आणि नागपूर जिल्हा त्या यादीत नाही. विदर्भात गडचिरोली, चंद्रपूर, यवतमाळ, अमरावती या जिल्ह्यांतले भाग येतात. वनहक्क कायदा मात्र सगळीकडे आहे, त्यामुळे देवलापारला त्यासाठी जरूर जा.

मॅडम, एक तास वारसाहक्काला द्या. हिंदू उत्तराधिकार कायदा, १९५६ च्या कलम २(२) नुसार तो अनुसूचित जमातींना आपोआप लागू होत नाही, म्हणून मुलीचा वाटा रूढीवर सोडलेला. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने छत्तीसगडमधल्या एका गोंड कुटुंबाच्या खटल्यात सांगितलं की स्त्रियांना वाटा नाकारणारी रूढी सिद्ध झालेली नसताना त्यांना वारसा नाकारणं समानतेच्या विरुद्ध आहे. राम चरण विरुद्ध सुखराम. यात दोन गोष्टी एकमेकींना भिडतात: समाजाची स्वतःची रूढी जपण्याचा हक्क आणि बाईचा समान हक्क. वर्गात दोन गट पाडा. घाईने न्यायाधीश होऊ देऊ नका कोणाला.

१९७२ चा देसाईगंज पोलीस ठाण्यातला अत्याचाराचा खटला कोणीतरी सुचवेलच, कारण त्यातूनच १९८३ ची कायदादुरुस्ती झाली. महत्त्वाचा आहे, पण नववीला नको. त्यातून मुलांच्या मनात आदिवासी बाई म्हणजे पीडित एवढंच उरतं.

शिक्षिका_मानेवाडा
धानोरा_रोड दादा, ग्रामसभेचा खेळ पक्का. वारसाहक्कही घेते. दोन प्रश्न. महाराष्ट्रातली एखादी हयात, ठळक व्यक्ती हवीच, मुलांना चेहरा लागतो. आणि जगातलं काही जोडू का, की पसारा होईल?

दूरदेशी
चेहरा: राहीबाई पोपेरे. अकोले तालुक्यातलं कोंभाळणे, महादेव कोळी समाज, शाळेचं तोंड पाहिलेलं नाही, गावरान वाणांची बियाणं जपली, २०२० ची पद्मश्री. त्यांना "साध्या भोळ्या आजी" करू नका एवढंच. कुठलं वाण कधी पेरायचं आणि बी कसं टिकवायचं हे ज्ञान आहे, भोळेपणा नाही.

जगातल्या दोघी पुरे. ग्वाटेमालाच्या रिगोबेर्ता मेन्चू, किचे माया या आदिवासी समाजाच्या, १९९२ चं शांततेचं नोबेल. न्यूझीलंडच्या व्हिना कूपर, माओरी म्हणजे तिथल्या मूळनिवासी, १९७५ मध्ये वयाच्या ऐंशीच्या घरात जमिनीसाठीचा मोर्चा देशाच्या उत्तर टोकाकडून संसदेपर्यंत नेला. नागपूरच्या पोरांना अधिवेशनावरचे मोर्चे पाठ आहेत, त्यांना लगेच कळेल. जाता जाता: आदिवासी स्त्रियांचा आंतरराष्ट्रीय दिवस ५ सप्टेंबरला असतो, बोलिव्हियाच्या आदिवासी नेत्या बार्तोलिना सिसा यांना १७८२ मध्ये त्या दिवशी मारलं म्हणून. आपल्याकडे त्या दिवशी शिक्षक दिनाचे हार चाललेले असतात.

मोहफूल
आता त्या मुलींबद्दल, कारण त्याचं उत्तर कोणीच दिलं नाही. मी पण वसतिगृहातच शिकली. दरवर्षी ऑगस्ट आला की सर म्हणायचे, "तू सांग ना तुमच्यात कसं असते." माझा जन्म गोंदियाचा, बाप रेल्वेत. मले काय ठाऊक तुमच्यात कसं असते! मग मी काहीबाही बनवून सांगायची आणि सगळे माना डोलवायचे.

तर मॅडम, त्यांना उभं करून विचारू नका. ग्रामसभेच्या खेळात त्यांना आदिवासी बाईची भूमिका देऊ नका, तलाठी करा, वनरक्षक करा. ज्यांना स्वतःहून बोलायचं ते बोलतील, आणि बोलल्या तर मधात थांबवू नका. समजा एखादीने सांगितलं की आमच्या घरी आजीच्या नावाने पट्टा आहे, तर टाळ्या नका वाजवू, पुढचा प्रश्न विचारा: किती एकर, अर्ज कोणी लिहिला, किती वर्षं लागली.

शिक्षिका_मानेवाडा
हे छापून स्टाफरूममध्ये लावते. ताई, एका तासाला तुम्हीच याल का? मुलं प्रश्न विचारतील, तुम्ही उत्तरं द्या, एवढंच.

मोहफूल
येईन, दुपारपाळीच्या आधी ठेवा. प्रश्न आदल्या दिवशी चिठ्ठ्यांवर लिहून पाठवा, म्हणजे लाजणाऱ्यांचेही येतील. शाल-श्रीफळ नको. आणि नाच तर अजिबात येत नाही मले.